बायबलमध्ये ‘त्रैक्य’ आहे का?

अहिल्यानगर शहरात आणि जिल्ह्यात रविवारची उपासना संपते, तेव्हा बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात. त्या आशीर्वादात येशू ख्रिस्त, देवपिता आणि पवित्र आत्मा अशी तीन नावे येतात. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरमध्ये येणारे कॅथॉलिक भाविक क्रूसाची खूण करताना हीच तीन नावे घेतात. तरीही देव किती, असे विचारल्यास दोघांचेही उत्तर ‘एकच’ असे असते.

तीन नावे आणि एक देव यांची सांगड घालणाऱ्या या शिकवणुकीला मराठी ख्रिस्ती ‘त्रैक्य’ म्हणतात. हा सिद्धांत बायबलमध्ये आहे, की नंतरच्या धर्मपंडितांनी तो रचला, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. ज्या निकीया येथील धर्मपरिषदेत या प्रश्नाला पहिले अधिकृत उत्तर मिळाले, तिला २०२५ मध्ये १७०० वर्षे पूर्ण झाली. हा वाद केवळ परदेशातल्या परिषदांपुरता मर्यादित राहिलेला नाही. नगरला आलेल्या मिशनच्या मुळाशी तो होता, आणि महाराष्ट्राच्या एका विदुषीने तो स्वतःच्या आयुष्यात लढवला.

त्रैक्य म्हणजे काय?

सिद्धांत थोडक्यात असा : देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे आणि पवित्र आत्माही देव आहे. मात्र पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. तिघे मिळून तीन देव होत नाहीत, आणि एकच देव तीन वेगवेगळी रूपे घेतो असेही नाही.

नेवासे तालुक्यातील देवगडला दत्तदर्शनासाठी जाणाऱ्या वाचकाला येथे साहजिकच त्रिमूर्तीची आठवण होईल. पण ही तुलना फार दूर जात नाही. उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्यांची वाटणी त्रैक्यात नाही. पिता, पुत्र व आत्मा ही एकाच देवाची तीन कार्ये किंवा तीन वेष आहेत, असे मत तिसऱ्या शतकात सबेलियस याच्या नावाने ओळखले जात होते. ते चर्चने नाकारले. तीन स्वतंत्र देव आहेत, हे मतही नाकारले. या दोन नकारांच्या मधली अरुंद वाट म्हणजे त्रैक्य.

भाषेचीही अडचण आहे. ग्रीक धर्मपंडितांनी ‘एक तत्त्व, तीन हिपोस्टासिस’ अशी मांडणी केली. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘पर्सोना’ हा शब्द आला, आणि मराठीत ‘व्यक्ती’. आज ‘व्यक्ती’ म्हटले की स्वतंत्र माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि तीन व्यक्ती म्हणजे तीन देव असा समज होतो. संस्कृतातील ‘व्यक्ती’चा मूळ अर्थ प्रकट होणे असा आहे. तो घेतला, तर सबेलियसच्या रूपांकडे झुकण्याचा धोका उरतो. म्हणजे अनुवादकाने कोणताही शब्द निवडला, तरी वाद काही सुटत नाही.

नगरच्या मिशनमागचा वाद

अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी डिसेंबर १८३१ मध्ये नगरला आले. पुढे शाळा, ‘ज्ञानोदय’ नियतकालिक (१८४२), रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ मध्ये सुरू केलेले धर्मशिक्षण विद्यालय अशा संस्था उभ्या राहिल्या. या कामाची माहिती अनेकांना असते. हे मिशन पाठवणारी अमेरिकेतील संस्था कोणत्या वातावरणात जन्मली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँग्रिगेशनल चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रैक्यावरूनच फूट पडली. देव एकच आहे, येशू हा देवाने पाठवलेला श्रेष्ठ पुरुष आहे, पण तो देव नव्हे, असे मानणाऱ्यांना युनिटेरियन म्हणत. १८०५ मध्ये हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकपदावर हेन्री वेअर या युनिटेरियन विचारांच्या धर्मोपदेशकाची नेमणूक झाली. तिला उत्तर म्हणून परंपरानिष्ठ गटाने अँडोव्हर येथे वेगळे विद्यालय काढले. ते १८०८ मध्ये सुरू झाले. त्याच वर्तुळातून १८१० मध्ये परदेशी मिशनसाठी ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले. या बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अठरा वर्षांनी नगरला पोहोचले.

या वादात दोन्ही बाजूंनी एकाच ग्रंथाचा आधार घेतला. युनिटेरियन नेते विल्यम एलरी चॅनिंग यांनी १८१९ मध्ये बाल्टिमोरच्या प्रवचनात त्रैक्याला बायबलमध्ये आधार नाही, असे मांडले. अँडोव्हरचे प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट यांनी त्यांना उत्तर देताना ग्रीक पाठातील वचनेच पुढे केली. त्यामुळे प्रश्न श्रद्धेइतकाच वाचनाचाही झाला.

एकदेवत्व पहिले

सिद्धांत बाजूला ठेवून केवळ ग्रंथ वाचायला घेतला, तर सर्वप्रथम समोर येते ते ठाम एकदेवत्व. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील चौथे वचन हा यहुदी धर्माचा पायाच आहे. परमेश्वर एकच, असे ते बजावते. मार्कच्या शुभवर्तमानात (१२:२९) सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारल्यावर येशूही तेच वचन सांगतो. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते आणि हे वचन त्यांच्या नित्याच्या प्रार्थनेत होते.

‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये कोठेही नाही. अंत्युखियाचे थिओफिलस यांनी इ. स. १८० च्या सुमारास ‘त्रियास’ हा ग्रीक शब्द वापरला आणि तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी तर्तुलियन यांनी लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ हा शब्द रूढ केला. ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ हे सूत्रही नव्या करारात नाही. याबाबत दोन्ही पक्षांत मतभेद नाही. मतभेद आहे तो या शब्दामागील आशय ग्रंथात आहे की नाही, याबाबत.

बाजूने जाणारी वचने

तिन्ही नावे एकत्र येणारी स्थळे नव्या करारात आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस (२८:१९) येशू शिष्यांना पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्यास सांगतो. येथे मूळ ग्रीकमध्ये ‘नाव’ हा शब्द एकवचनी आहे, याकडे त्रैक्यवादी लक्ष वेधतात. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या शेवटी (१३:१४) जो आशीर्वाद आहे, तोच आज नगरच्या चर्चमध्ये ऐकू येतो. हे पत्र इ. स. ५५ च्या आसपासचे, म्हणजे निकीयाच्या परिषदेपूर्वी सुमारे २७० वर्षे आधीचे आहे. येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगी (मत्तय ३:१६-१७) पुत्र पाण्यात, आत्मा कबुतराच्या रूपाने खाली येताना आणि पित्याची वाणी आकाशातून, असे तिघे एकाच दृश्यात दिसतात.

त्याहून महत्त्वाची आहेत ती ख्रिस्ताला थेट देवत्व देणारी वचने. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच ‘शब्द’ आरंभापासून देवाजवळ होता आणि तो देव होता, या विधानाने होते, आणि पुढे तो शब्द माणूस झाल्याचे सांगितले आहे. त्याच पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशूला पाहून थोमा त्याला आपला प्रभू व आपला देव म्हणून संबोधतो आणि येशू त्याला रोखत नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल, असे म्हटले आहे. यशयाच्या ग्रंथात (४५:२३) हाच मान परमेश्वराने स्वतःसाठी राखून ठेवला आहे. कट्टर एकदेववादी यहुद्याने हे लिहिले, ही बाब अनेक अभ्यासकांना सूत्रबद्ध सिद्धांतापेक्षाही बोलकी वाटते.

पवित्र आत्म्याविषयीची वचने तुलनेने कमी आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १४ ते १६) येशू ज्या ‘कैवाऱ्या’चे आश्वासन देतो, तो शिकवतो, आठवण करून देतो, साक्ष देतो. ही कामे शक्तीची नसून कोणा ‘कर्त्या’ची वाटतात. प्रेषितांच्या कृत्यांत (५:३-४) आत्म्याशी खोटे बोलणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे, असा अर्थ निघतो.

न जुळणारी वचने

विरोधी पक्षाचीही वचने तितकीच स्पष्ट आहेत. योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू पिता आपल्याहून थोर असल्याचे म्हणतो. सतराव्या अध्यायातील प्रार्थनेत तो पित्याला एकमेव खरा देव म्हणतो आणि स्वतःचा उल्लेख पाठवलेला असा वेगळा करतो. मार्कमध्ये (१३:३२) शेवटचा दिवस व घटका पुत्रालाही माहीत नाही, असे तो सांगतो. पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:२८) अखेरीस पुत्रही पित्याच्या अधीन होईल, असे लिहितो. जो अधीन आहे आणि ज्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, तो पित्याच्या बरोबरीचा कसा, हा युनिटेरियनांचा प्रश्न आहे.

परंपरेचे उत्तर असे की, ही वचने येशूच्या मनुष्यत्वाविषयी आहेत. पुत्राने माणूस होताना माणसाच्या मर्यादाही स्वीकारल्या. हे उत्तर सुसंगत आहे. मात्र ते त्या वचनांतून थेट निघत नाही, इतर वचनांच्या प्रकाशात ती वाचल्यावर निघते.

काही वचनांचा निकाल व्याकरणावर अवलंबून आहे. योहानाच्या पहिल्याच वचनात ‘देव’ या ग्रीक शब्दापूर्वी उपपद नाही. त्यामुळे ‘यहोवाचे साक्षीदार’ हा पंथ तेथे सर्वोच्च देव असा अर्थ न घेता ‘एक देव’ असा घेतो. बहुसंख्य ग्रीक व्याकरणतज्ज्ञांना हे भाषांतर मान्य नाही. मराठीत उपपदे नाहीत आणि मोठ्या लिपीची अक्षरेही नाहीत. त्यामुळे मराठी बायबल वाचणाऱ्याला येथे वाद आहे याचा पत्ताही लागत नाही.

भाषांतरातून असा पेच भारतात प्रत्यक्ष उद्भवला होता. कोलकात्यात बाप्टिस्ट मिशनरी विल्यम ॲडम हे राजा राममोहन रॉय यांच्याबरोबर शुभवर्तमानाच्या बंगाली भाषांतराचे काम करीत होते. योहानाच्या तिसऱ्या वचनात सर्व काही ‘शब्दाकडून’ झाले म्हणायचे की ‘शब्दाच्या द्वारे’, या एका अव्ययावरून चर्चा पेटली आणि १८२१ मध्ये ॲडम स्वतःच युनिटेरियन झाले. एका अव्ययाने मिशनने मिशनरी गमावला. पुढे ब्राह्मो समाज आणि १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज यांचे युनिटेरियनांशी निकटचे संबंध राहिले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या ज्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांचेच होते.

नंतर आलेले एक वाक्य

त्रैक्य सरळ शब्दांत सांगणारे एकच वाक्य बायबलच्या काही आवृत्त्यांत होते. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत आणि ते तिघे एक आहेत, अशा अर्थाचा तो मजकूर होता. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत तो आढळत नाही. तो लॅटिन परंपरेतून आला. इरॅस्मस याने छापील ग्रीक नव्या कराराच्या १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत तो घेतला नव्हता. टीकेनंतर १५२२ च्या आवृत्तीत घेतला आणि तेथून तो १६११ च्या इंग्रजी भाषांतरात गेला. आयझॅक न्यूटन यानेही हा मजकूर नंतर घुसवलेला असल्याचे सविस्तर लिहिले होते. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज कॅथॉलिक व प्रोटेस्टंट दोन्ही अभ्यासक तो मजकूर मूळचा मानत नाहीत. सध्या प्रचलित असलेल्या मराठी ‘पवित्र शास्त्रा’त त्या जागी आत्मा, पाणी व रक्त या तीन साक्षींचाच उल्लेख आहे. यावरून त्रैक्य खोटे ठरत नाही, कारण चौथ्या शतकातील धर्मपंडितांनी या वाक्याच्या आधाराशिवायच ते मांडले होते. पण बायबलमध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे, असे म्हणण्याची सोय मात्र राहत नाही.

निकीयात काय घडले?

अलेक्झांड्रियाचा एरियस हा धर्मगुरू पुत्र हा पित्याने निर्माण केलेला पहिला व श्रेष्ठ जीव आहे, असे शिकवत होता. त्याचा एक आधार नीतिसूत्रे ८:२२ हा होता. या ठिकाणच्या मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘प्राप्त केले’ असाही होतो; परंतु त्या काळी वापरात असलेल्या ग्रीक भाषांतरात ‘निर्माण केले’ असा शब्द होता. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या परिषदेने एरियसचे मत फेटाळले आणि पुत्र पित्याशी ‘समतत्त्व’ आहे, असा शब्द मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात, घातला.

हा शब्द बायबलमध्ये नाही, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. अथानासियस यांनी पुढे त्याला उत्तर दिले. शब्द शास्त्रातला नसला तरी अर्थ शास्त्रातला आहे. केवळ शास्त्रातले शब्द वापरले तर एरियसचे समर्थक प्रत्येक शब्द आपल्या अर्थाने वळवतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. निकीयाच्या मूळ मतांगीकारात पवित्र आत्म्यावर फक्त एक त्रोटक वाक्य होते. आत्म्याविषयीचा विस्तार ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जातो. म्हणजे सिद्धांताचा आज परिचित असलेला आकार शेवटच्या प्रेषितानंतर जवळजवळ तीन शतकांनी पूर्ण झाला.

रमाबाईंचा प्रश्न

या साऱ्या इतिहासाची ओळख नसतानाही केवळ बायबल वाचून हाच प्रश्न विचारणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या राहिल्या. १८८५ मध्ये वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्य, ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व व कुमारीजन्म याबाबतच्या शंका उघडपणे मांडल्या. अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. त्रैक्य न मानणाऱ्याचा नाश होईल, असे बजावणारा तो मजकूर प्रत्यक्षात अथानासियस यांचा नाहीच. तो नंतरचा व लॅटिन आहे.

रमाबाईंची भूमिका साधी होती. ख्रिस्ताच्या मंडळीत आपण प्रवेश केला, याचा अर्थ बिशपांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मान्य केला असा होत नाही. अंतिम प्रमाण ग्रंथ, असे त्यांचे म्हणणे होते. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. बीलबाईंनी मात्र शंकांना शंका म्हणूनच उत्तर दिले. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. रमाबाईंच्या दृष्टीने येथे पणाला बरेच काही लागले होते. स्वधर्म सोडल्याबद्दल मायदेशात त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती आणि परक्या देशात ज्यांचा आधार होता, त्यांनाच त्या दुखावत होत्या.

पुढे १८९१ च्या सुमारास आलेल्या आध्यात्मिक अनुभवानंतर रमाबाई परंपरेने सांगितलेल्या श्रद्धेच्या जवळ आल्या. दौंडजवळच्या केडगाव येथील (नगरलगतचे केडगाव वेगळे) मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये जे पुनरुज्जीवन झाले, त्याच्या केंद्रस्थानी पवित्र आत्म्याचाच अनुभव होता. अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. मुक्तीतील स्त्रियांनीच ते छापले. रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शंका घेणाऱ्या रमाबाई आणि श्रद्धा ठेवणाऱ्या रमाबाई या दोघींची कसोटी एकच होती.

नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवणारे कवी रेव्ह. नारायण वामन टिळक यांची वाट वेगळी होती. रेल्वेप्रवासात एका परदेशी गृहस्थाने दिलेला नवा करार वाचताना त्यांना भिडले ते डोंगरावरील प्रवचन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांच्या भक्तीची भाषा परिषदांच्या सूत्रांपेक्षा ज्ञानेश्वर-तुकारामांच्या परंपरेला जवळची राहिली.

आज या प्रश्नाचे काय?

अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आहेत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या चर्चने प्रेषितीय व निकीय हे दोन मतांगीकार स्वीकारले आहेत. कॅथॉलिक चर्च तर निकीयाशी बांधलेलेच आहे. नगरच्या बूथ हॉस्पिटलमुळे परिचित असलेले मुक्तिफौज मिशन बाप्तिस्मा देत नाही, पण त्याच्या अकरा सिद्धांतांत त्रैक्य आहे. याउलट यहोवाचे साक्षीदार ते नाकारतात, आणि केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारे काही पेंटेकॉस्टल गट प्रेषितांच्या कृत्यांतील २:३८ या वचनाचा आधार घेतात.

हा फरक कागदावरचा नाही. पाणी आणि तिन्ही नावे असली, तर कॅथॉलिक व बहुतेक प्रोटेस्टंट चर्च एकमेकांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरतात. तसे नसल्यास लग्न, सभासदत्व आणि प्रभुभोजनाच्या वेळी अडचण येते. एकाच घरातील दोन भाऊ दोन पंथांत गेले, तर पंथांमधला हा फरक घरापर्यंत येतो.

मग बायबलमध्ये त्रैक्य आहे का? सूत्र म्हणून नाही. देव एक आहे, ख्रिस्ताला देवाचा मान आहे आणि आत्मा देवाचेच कार्य करतो, हे तिन्ही धागे ग्रंथात आहेत. पुत्र पित्याहून कमी असल्याचे सांगणारी वचनेही त्याच ग्रंथात आहेत. चौथ्या शतकातील चर्चने हे सारे धागे एकही न तोडता विणण्याचा प्रयत्न केला, त्यालाच त्रैक्य म्हणतात. ती वीण घट्ट आहे असे जगातील बहुसंख्य ख्रिस्ती मानतात. ती ग्रंथाबाहेरची आहे असे मानणारेही तोच ग्रंथ उघडून बसतात. दोघांनाही चेल्टनहॅममधील रमाबाईंकडून शिकण्यासारखे एक आहे : न पटलेले पटले म्हणायचे नाही, आणि वाचन थांबवायचे नाही.